घोट्यावरचं दुसरं पिस्तूल

२०१९ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो, आखातातल्या झल्लाक गावच्या एका हॉटेलच्या गेटवर वॉचमन. हातात कंपनीची काठी. शेजारच्या हॉटेलात चोरी झाली तेव्हा विकत आणलेला सुरा ड्युटीवर मोज्यात खुपसावा की नाही, हाच घोर होता. सापडला तर व्हिसा खलास.

एका बड्या पाहुण्याचा बॉडीगार्ड गेटलगतच्या दारात उभा असायचा. कमरेला पिस्तूल, तरी घडीघडी वाकून घोटा चाचपायचा. विचारलं तर म्हणाला, "चाचा, दूसरा है. पहला अटक गया तो?"

"और दूसरा भी अटका तो?"

तो हसला नाही. "एक था, तब नींद आती थी."

पुन्हा वाकला. तेवढ्यात एक अनोळखी माणूस त्याच्या पाठीमागून आत निघाला. ह्याला पत्ताच नाही! मीच काठी आडवी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरा मेसच्या आचाऱ्याला देऊन टाकला, आणि भीती होतीच, तरी नुसती काठी घेऊन गेटवर उभा राहिलो.