आईनं मागितलेली सुई

उंब्रजच्या तालमीत माझी पाठ कुणी मातीला लावली नव्हती, आणि सुईचं नुसतं नाव काढलं तरी मी मागच्या दारानं पळ काढायचो.

एकोणीसशे सत्तर-बाहत्तरच्या सुमाराला माझा घसा धरला. नाक गळतंय, खोकून खोकून जीव नकोसा! आई म्हणाली, "डाक्टरकडं चल. सुई मारली की मोकळा हुशील." (स्वतः दोन दिवस भाकरी दुधात कुस्करून, डोळे मिटून गिळत होती. विचारलं तर म्हणे, "मला काय धाड भरलीया?")

"आगं, गुळण्या करतो की!" मी रडकुंडीला आलो. पण ऐकेल ती आई कसली!

दवाखान्यात स्टोव्हवर सुया रटरट उकळत होत्या. मी हळूच दाराकडं सरकलो! पण बाकड्यावर आमचे वस्ताद गुडघा चोळत बसलेले, म्हणजे पळायचीही सोय नाही.

"पेन्सिलीनची सुई लय वंगाळ, गड्या," ते म्हणाले. "आमच्या मेव्हण्यानं जाग्यावर डोळं फिरवलं हुतं." मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला. "सर्दीचा घसा आहे, पैलवान. पेन्सिलीनचा काही उपयोग नाही. मिठाच्या गुळण्या करा, आठवड्यात बरं वाटेल."

त्यांच्या पाया पडावंसं वाटलं! पण सुई न मारणाऱ्याला आमच्या गावात डॉक्टर म्हणत नसत.

"आवं डाक्टर, उनातनं चालत आलोय आमी! एक तरी मारा!"

"गरज नाही, मावशी."

"मग बारकी मारा!"

मी तिचा पदर ओढतोय, ती हटत नाही. तेवढ्यात आवंढा गिळताना ती कळवळली. डॉक्टरांनी बॅटरी तिच्याकडं वळवली, मान चाचपली, कपाळाला हात लावला.

"ताप आहे. टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत गाठी, आणि सर्दी-खोकला नाही. मावशी, सुई तुम्हालाच लागणार. पुढच्या गोळ्याही सगळ्या संपवायच्या, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. आधी जरासं टोचून बघतो, सोसतंय का ते."

वस्तादांचा मेव्हणा डोळ्यांपुढं उभा राहिला. माझ्या आईला काही झालं तर? "आई, नको गं!" मी तिचा हात गच्च धरला.

"गप रं! टोचा, डाक्टर."

सुईचं टोक तिच्या कातडीला टेकलं, एवढंच मला आठवतंय.

डोळे उघडले तर वर कौलं! आई ठणठणीत, पदरानं मला वारा घालत होती. "डाक्टर, आता तरी ह्याला एक मारा!"

आणि वस्ताद गुडघा विसरून माझ्यावर वाकले होते.

"दोन्ही खांदं टेकलं की रं!"