मी दिलेली पहिली ऑर्डर

आमच्या घरात हुकूम ऐकणारेच होऊन गेले. पणजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई, आजोबाही तिथेच. वडील बडोद्यात फायरमन म्हणून लागले आणि फायरमन म्हणूनच निवृत्त झाले. मी त्यांच्यामागून बंबावर चढलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तू तरी लीडिंग फायरमन हो. चार माणसांना काम सांगणारा एक तरी होऊ दे आपल्यात."

बढतीच्या परीक्षा तेव्हा कधी निघतील याचा भरवसा नसे. निघाली, तेव्हा एकाच जागेसाठी मी आणि माझा मित्र दोघंही बसलो. तो दांडिया बाजारातला, आमच्याच गल्लीतला, माझ्याआधी नोकरीला लागलेला. होज गुंडाळायला मला त्यानंच शिकवलं. होज म्हणजे आमचा तो लांबलचक कापडी पाइप. त्याच्या तोंडाला जी पितळी नळी बसते, ती ब्रँच.

लेखी पेपर मला जड गेला नाही. भीती होती मैदानाची. तिथं उमेदवारानं एका तुकडीला ऑर्डर द्यायच्या. होज पसरा, ब्रँच जोडा, आणि मग 'वॉटर ऑन'. ब्रँच नीट अडकली की ती धरणारा हात वर करतो. तो हात दिसल्याशिवाय पाणी मागायचं नाही. आधी मागितलं तर दाबानं नळी उडते.

हे सगळे जाणत होते. पण खऱ्या आगीत आमच्यात कोणी ऑर्डरसाठी थांबत नसे. पंपावरचा मान वळवून हात बघायचा आणि व्हॉल्व्ह उघडायचा. वर्षानुवर्षं डोळ्यांवर काम चाललेलं, त्यामुळे परीक्षेत जिभा कच्च्या पडायच्या. त्यावर आमच्यात एक रिवाज पडला होता. परीक्षेच्या तुकडीत सहकारीच उभे असत, तेव्हा ऑर्डर चुकली तरी हातांनी चुकायचं नाही. उमेदवार घाईनं बोलला, तर पंपवाल्यानं व्हॉल्व्ह जाम झाल्यासारखं करून जरा वेळ काढायचा. याला आम्ही 'जोई लेजे' म्हणायचो. सांभाळून घे, एवढाच अर्थ.

आदल्या दिवशी आम्ही दोघं सेवउसळीच्या लारीवर, त्या हातगाडीपाशी, उभे होतो.

"उद्या तुझ्या वेळी पंपावर मी आहे," तो म्हणाला.

"मग काय, जोई लेजे."

"काय जोई लेजे? नीट ऑर्डर दे, म्हणजे झालं."

"आणि चुकलो तर?"

"तर चुकलास." त्यानं पाव मोडला. "रस्सा घे अजून, उद्या आवाज फुटायला पाहिजे."

मी हसलो. त्याचं बोलणं मी थट्टेवारी नेलं.

दुसऱ्या दिवशी माझा आवाज छान फुटला. तुकडी धावली, होज सरळ पसरली. परीक्षक भिंतीपाशी हातात पॅड घेऊन उभे होते. त्यांनी मान डोलावली तसं मला स्फुरण चढलं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि बघता बघताच ओरडलो, "वॉटर ऑन!"

ब्रँचवरचा अजून वाकलेला होता. पाणी आलं. अर्धवट अडकलेली नळी सुटली आणि त्याच्या नडगीवर बसली. तो खाली पडला, होज सापासारखी मैदानभर फिरली. परीक्षकांनी पॅडवर काहीतरी लिहिलं. मी नापास झालो हे कळायला निकालाची गरज नव्हती.

सगळे पांगल्यावर मी पंपापाशी गेलो.

"तो वाकलेला होता. दिसला नाही तुला?"

"दिसला."

"मग?"

"तू वॉटर ऑन म्हणालास."

"दुसरा कोणीही थांबला असता."

"थांबला असता. मग उद्या आगीत तू बोलणार एक आणि आम्ही करणार दुसरं. असं किती दिवस चालवायचं?"

हे बोलताना त्याचा आवाज शांत होता. आज इतक्या वर्षांनीही मला तो शांतपणा सहन होत नाही. कारण त्याचा नंबर माझ्यानंतर लागला. त्यानं प्रत्येक ऑर्डर हात बघून दिली आणि तो पास झाला. त्यानं मला तत्त्वासाठी पाडलं की जागेसाठी, हे मला कधीच ठरवता आलं नाही. त्यालाही ते ठाऊक असेल असं नाही.

इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना पुष्कळदा सांगितली आहे. पुढची सांगितलेली नाही.

त्या दिवशी पंपाच्या आवाजात माझी ऑर्डर परीक्षकांनी ऐकली आणि त्यानं ऐकली. बाकीच्यांपर्यंत ती नीट पोचलीच नाही. चहाला बसल्यावर कोणीतरी विचारलं, "नक्की झालं काय?"

मी म्हणालो, "ऑर्डर मी दिलीच नव्हती."

एवढंच म्हणालो. घरी वडिलांनी विचारलं, "तू पाणी मागितलं होतंस?" त्यांनाही 'नाही' म्हणालो.

स्टेशनात माझं खरं मानलं गेलं. मी पडलो होतो, तो चढला होता. लोकांना तेवढं पुरलं. त्याच्या हातात चहा देताना एकजण म्हणायचा, "पाणी सोडू का साहेब, की तुम्हीच सोडता?" सगळे हसायचे. मीही हसायचो. नडगीला लागलेल्यानं तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. माझा मित्र एकदाही म्हणाला नाही की हा खोटं बोलतो. माझ्याकडे नुसता बघायचा, मी तोंड उघडीन म्हणून. मी ब्रँच पुसत बसायचो.

शहराबाहेर वाघोडियाकडे तेव्हा नवे कारखाने येत होते. त्यांना आग विझवणारी तयार माणसं हवी होती. तो बढतीची पट्टी लावल्यावर थोड्याच काळात नोकरी सोडून तिकडे गेला. गल्लीतलं घर सोडून त्यांनी बडोद्यातच, नदीपलीकडे अकोट्यात बिऱ्हाड केलं. सामान टेंपोत चढताना त्याच्या आईनं मला विचारलं, "तुमचं दोघांचं काय बिनसलं रे?"

"काही नाही, काकू."

माझे वडील ओट्यावर बसले होते. तो पाया पडायला वाकला तसे ते उठून आत गेले. पुढे ते वारले, तेही त्याला दगाबाज समजूनच.

पुढची परीक्षा फार उशिरा निघाली. तोवर नवे बंब आले होते, पंपही नवे. माझी जीभ मात्र जुनीच. या वेळी मी परीक्षकांकडे बघणार नाही असं ठरवून गेलो होतो, आणि नेमका पंपाकडे बघत राहिलो. पंपावर दुसरा होता. मी 'वॉटर ऑन' म्हणालो तेव्हा ब्रँचवाल्याचा हात खालीच होता. पंपवाल्यानं व्हॉल्व्हशी झटापट केल्यासारखं केलं. हात वर आला, मग पाणी आलं. धार सरळ उडाली. नंतर तो डोळा मारून म्हणाला, "जोई लीधुं ने, साहेब?"

मी लीडिंग फायरमन झालो. आमच्या घरातला हुकूम देणारा पहिला माणूस.

पेढे घेऊन मी अकोट्याला गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. माफी मागायची असावी. दार त्यानंच उघडलं. केस पांढरे झाले होते. बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं. पेढ्यांचा पुडा टीपॉयवर तसाच राहिला.

"मैदानात काय होतं या वेळी?"

"तेच. होज, ब्रँच."

"वॉटर ऑन कधी म्हणालास?"

"हात बघून."

"पंपवाल्याला थांबावं नाही लागलं?"

"नाही."

तो माझ्याकडे बघत होता, पूर्वी स्टेशनात बघायचा तसाच. बोलायला तीच वेळ होती. मी पाण्याचा पेला उचलला.

"मग ठीक," तो म्हणाला. त्यानं पुडा सोडला, एक पेढा स्वतः घेतला आणि एक माझ्या हातावर ठेवला. "खरा पास झालास."

मी तो पेढा खाल्ला.