आप्पांना आलेलं बोलावणं

हवालदार विश्वनाथआप्पा एक वाक्य बोलून थांबत. समोरचा "हां" म्हणेपर्यंत पुढचं वाक्य येत नसे. सतरा वर्षं फौजेत वायरलेसवर काढलेली, ती सवय गेली नव्हती. लातूरला मी ज्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो, त्याच्या मुलींच्या वसतिगृहावर ते पहारेकरी होते. दोन बॅचच्या मध्ये मी त्यांच्या बाकावर जाऊन टेकायचो.

भूकंपात त्यांची बायको गेली तेव्हा ते सीमेवर होते. तिसऱ्या दिवशी पोचले. दहा वर्षांची लेक महानंदा तेवढी वाचली होती. पंधराव्या दिवशी तिला रेणापूरला आपल्या बहिणीकडे ठेवून ते परत ड्यूटीवर गेले. निवृत्त झाल्यावर तिला लातूरला शिकवता यावं म्हणून मस्कतला एका गोदामावर राखणीला लागले.

ती अकरावीला क्लास लावते न लावते तोच लढाई पेटली. निवृत्तीनंतरही काही वर्षं फौज जवानाला परत बोलावू शकते. तसं पत्र रेणापूरला आलं आणि बहिणीनं ते फोनवर वाचून दाखवलं. खोलीतले सोबती म्हणाले, पत्र मिळालंच नाही असं सांग. मालक म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. आप्पा चौथ्या दिवशी फौजेच्या डेपोत हजर झाले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय सर. सात आठवडे बसून राहिलो. नव्या पोरांला वायरलेस सेट शिकवला. लढाई संपली, म्हणले घरी जा."

"पस्तावा होतो का?"

"न्हाई. थकवा लई येतो."

मस्कत सुटलं तसा महानंदाचा क्लासही सुटला. डॉक्टर व्हायचं राहिलं. "आई गेली तेव्हाही तुम्ही थांबला नाहीत," एवढंच ती त्यांना म्हणाली आणि वर्षभर बोलली नाही. पुढे नांदेडला नर्सिंग शिकून ती स्वतःच आखातात नोकरीला गेली. दर शुक्रवारी तिचा फोन येई. आप्पा त्या दिवशी दाढी करून बसत.

मग त्यांची फुप्फुसं गेली. दवाखान्यात मी म्हणालो, "महानंदाला बोलावतो."

"नका बोलावू सर. बोलावलं की माणसाला सगळं टाकून यावं लागतं. मला ठाव हाय."

मी बाहेर जाऊन तिला फोन लावला.

ती तिसऱ्या दिवशी आली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसली. आप्पांनी डोळे उघडले. तिच्याकडं पाहून फार आनंद झाला त्यांना, ते दिसलं. मग विचारलं, "रजा किती दिसांची?"

"रजा देत नव्हते, आप्पा. सोडून आले."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग हळूच तोंड भिंतीकडं वळवलं. दोन दिवसांनी ते गेले.

महानंदा आता नांदेडला एका दवाखान्यात असते. फोन केलात ते बरं केलंत, असं ती भेटली की म्हणते. मी मान हलवतो.