मशीन नवीन, हात जुना

मानपाड्याच्या त्या दुकानात आम्ही चारदा गेलो आणि चारही वेळा तो मेकॅनिक माझ्याशी एक शब्द बोलला नाही. समोर मी उभी, प्रश्न मी विचारतेय, आणि उत्तर द्यायचा ह्यांना. आजीला काय समजणार, असा चेहरा. मी चौथीपर्यंत शिकलेय, पुढचं सगळं वाचून, ऐकून आणि टक्केटोणपे खाऊन. पण चेहरे मला शाळेच्या आधीपासून वाचता येतात.

आमचे हे झाडं छाटायचं काम करतात. आधी कुऱ्हाड आणि करवत होती, गेली बारा-तेरा वर्षं चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी, दातेरी साखळीची मशीन. शहाडपासून डोंबिवलीपर्यंत कुठल्या सोसायटीत फांदी खिडकीला लागली, तारेवर आली की ह्यांना फोन. परवानगीचा कागद सोसायटीने काढायचा, झाडावर ह्यांचा जोडीदार चढायचा, आणि खाली आलेले ओंडके ह्यांनी कापायचे. वय सत्तरीला टेकलंय. तरी मशीन अशी धरतात, जशी मी कणीक मळताना परात धरते. घट्ट, पण तिच्याशी भांडण न करता.

दिवाळीनंतर मशीन बिघडली. आणि बिघाड तरी कसला विचित्र. दोरी ओढली की लगेच चालू. पाच-सहा मिनिटं झकास चालायची, मग धापा टाकायला लागायची, रेस दिली की गुदमरायची आणि बंद. जरा थांबून, टाकीचं झाकण काढून पेट्रोल बघितलं की पुन्हा पाच मिनिटं. हे म्हणाले, गरम होतेय. नेऊ या दाखवायला.

म्हणून गोणपाटात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन मानपाड्याला नेली. दुकान मोठं, गवत कापायच्या मशिनी, जनरेटर, सगळं तिथे येतं. त्याने दोरी ओढली, कान लावला आणि दोन मिनिटांत निदान करून टाकलं. कार्ब्युरेटर गेला, ब्लॉक-पिस्टन गेला. मी विचारलं, न खोलताच कसं कळलं? तो ह्यांना म्हणाला, काका, आठवड्याने या. आठवड्याने गेलो तर बिल एवढं, की त्यात थोडी भर घातली तर नवी मशीन आली असती. नवे भाग घातलेत म्हणाला, तुमच्यासमोर चालवून दाखवतो. झाकण काढलं, ताजं पेट्रोल ओतलं, दोन मिनिटं भरारा चालवली. दुकान दणाणलं. दिले पैसे.

दुसऱ्याच दिवशी कल्याणला एका सोसायटीत गुलमोहराची मोठी फांदी उतरवायची होती. मी तिथे नव्हते, जोडीदाराने नंतर सांगितलं. फांदी खाली आली, ती गेटसमोर आडवी, दोन गाड्या आत अडकलेल्या, आणि ह्यांची मशीन सहाव्या मिनिटाला बंद. ह्यांनी झाकण उघडलं, लावलं, ओढलं. चालली. परत बंद. सेक्रेटरी घड्याळ बघत उभा. शेवटी त्याने दुसऱ्याच माणसाला बोलावलं, आणि त्या माणसाने ह्यांच्या देखत ह्यांचा ओंडका कापला.

पुन्हा मानपाडा. त्याने कुठलासा स्क्रू फिरवला, दोन मिनिटं चालवली, ठीक आहे म्हणाला. घरी आणली, पाच मिनिटांत बंद. चौथ्यांदा गेलो तेव्हा तो वैतागलेलाच होता. पेट्रोलमध्ये ऑइल बरोबर घालता का, चोक उघडा ठेवता का, असं पहिलीच्या मुलाला विचारावं तसं ह्यांना विचारत होता. हे खाली मान घालून उत्तरं देत होते. आणि मग तो बोलला. चार कामगार, दोन गिऱ्हाइकं ऐकत होती.

"मशीन नवीन करून दिलीय, काका. हात जुना झाला त्याला मी काय करू?"

कामगार हसले. हे पण हसले. तेच मला खपलं नाही. ह्यांनी हसायला नको होतं.

त्या दिवसापासून घरात तेच वाक्य राहायला आलं. चहाचा कप उचलताना हे हाताकडे बघायचे. बोटं पसरून धरायचे, कापतात का ते बघायला. जोडीदाराला सांगितलं, तू दुसरा माणूस बघ. साखळीला धार लावायची कानस शेजाऱ्याला देऊन टाकली, कोयत्याला लाव म्हणून. मी म्हटलं, अहो, दोष मशीनमध्ये आहे. तर म्हणे, एवढा मोठा मेकॅनिक खोटं कशाला बोलेल? एवढा मोठा! सांगते, माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला. चाळीस वर्षं जो हात चालला, तो एका दीडशहाण्याच्या एका वाक्याने जुना झाला.

रविवारी सकाळी मी स्वतः मशीन उचलून चाळीच्या मागे, नदीच्या अंगाला मोकळं आहे तिथे नेऊन ठेवली. सुबाभळीचा एक ओंडका पडलेला होता. ह्यांना म्हटलं, चालवा.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. तुम्ही चालवा, मी ऐकते."

चालवली. भुसा उडत होता, हात बघत होते मी, हाताला काही झालं नव्हतं. पाच मिनिटं झाली आणि तिने ती धाप टाकली. आणि तो आवाज, तुम्हाला सांगते, मी ओळखला. पंधरा वर्षं मी खानावळीत स्वयंपाक केलाय. तेलाचा मोठा पत्र्याचा डबा असतो ना, त्याला एकच भोक पाडलं की तेल असंच येतं. गटक, गटक, थांबतं. पुन्हा गटक. समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाडलं, हवा आत जाऊ दिली, की धार सरळ. ही मशीन तशीच घोट घेत होती.

मी ओरडले, झाकण सैल करा. ह्यांनी केलं, आणि सूंऽऽ करून टाकीने श्वास ओढला. दोघांनी ऐकला. दोरी ओढली, एका झटक्यात चालू. झाकण घट्ट लावलं, पाच मिनिटांनी पुन्हा धाप. पुन्हा सैल केलं, पुन्हा सूं. पेट्रोल संपत नव्हतं, गरम होत नव्हतं. टाकीत हवाच जात नव्हती.

मी विचारलं, हिला हवेचं भोक कुठेय? हे गुडघ्यावर बसले. हँडलच्या आत मुगाच्या दाण्याएवढं रबरी बोंड होतं, त्याला ब्रीदर म्हणतात. त्याच्यात काहीतरी पांढरं ठासून भरलेलं. मी बांगडीतली पिन काढून दिली, ह्यांनी उकरलं, नाकाजवळ नेलं. कपड्यांचा साबण.

तो साबण मी लावलेला. दिवाळीची साफसफाई करताना मशीन खाटेखाली आडवी होती, त्या बोंडाशी ओल आणि घरभर पेट्रोलचा वास. माझे वडील ट्रकवर होते. टाकी पाझरली की ते ओला साबण दाबायचे, गावापर्यंत थेंब पडत नसे. मला वाटलं, केवढं शहाणपण केलं आपण.

खोटं कशाला लिहू, एक क्षण मनात आलं की मेकॅनिकवर ढकलून द्यावं. त्याची लायकी होतीच. पण ह्यांच्याकडे बघितलं आणि सांगून टाकलं. मग हे माझ्यावर जे ओरडले! आख्खी चाळ गॅलरीत आली. मी ऐकून घेतलं. चूकच होती. पण त्यांचं झालं तेव्हा मी पण सोडलं नाही. अहो, मी बाई अडाणी, मी साबण लावला. ज्याने ब्लॉक काढला, कार्ब्युरेटर काढला, टाकी हातात उलटीपालटी केली, त्याला मुगाएवढं भोक दिसू नये? झाकण सैल करून बघायचं एवढं सुचू नये? आणि वर हात जुना?

हे शांत झाले आणि म्हणाले, "पण हात खरंच जुना झालाय गं. ते काही तो खोटं नाही बोलला."

बघा म्हणजे. मशीन दुरुस्त झाली आणि माणूस तसाच.

मंगळवारी जोडीदाराने कल्याणचंच एक काम आणलं, अंगणात आडवं पडलेलं अख्खं झाड कापायचं होतं. हे जाऊ की नको करत होते. मी डबा भरून हातात दिला, एकदाचे गेले. मी दार लावलं आणि सरळ मानपाड्याची रिक्षा धरली.

दुकानात तेच कामगार होते. मी सगळं सांगितलं, साबणासकट. तो हसत म्हणाला, "बघा आजी, चूक तुमचीच निघाली की." पहिल्यांदा माझ्याशी बोलला, तेही हे.

"चूक माझीच. मला पैसे नकोत, काही नको. पण दोष हाताचा नव्हता, हे तू ह्यांना सांग. जसं चारचौघांत बोललास तसंच, आत्ता, ह्या कामगारांसमोर."

तो म्हणाला, काका कुठेयत? मी म्हटलं, फोन लाव. कामगार बघत होते. नंबर त्याच्याकडे होताच, नाइलाजाने लावला. रिंग जात राहिली.

"उचलत नाहीयत."

मशीन चालू असली की ह्यांना फोन ऐकू येत नाही. तो फोन खिशात घालायला निघाला. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, दहा मिनिटांनी परत लाव. त्याने लावला. उचलला नाही. म्हणाला, आजी, मला कामं आहेत. म्हटलं, कर ना कामं, मी कुठे अडवलंय. अर्ध्या तासाने पुन्हा लावायला लावला. रिंग पूर्ण वाजली, बंद झाली.

"अजून उचलत नाहीत हो," तो म्हणाला.

"नाही ना उचलत?" मी म्हटलं. "असू दे. परत लाव."