मॅडमचं खराब दगडफूल

मॅडमना जाऊन आज वर्ष झालं, आणि मी सकाळपासून दुकानात पेढे वाटून राह्यलो.

गिऱ्हाईक विचारते, "रफिकभाऊ, पोराचं जमलं काय?"

"नाई जी. आमच्या मॅडमची बुरशी पास झाली!"

लोक पेढा तोंडात टाकतात आणि माझ्याकडे जरा जपून पाहतात.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

वसुधा मॅडम. चंद्रपूरच्या कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झालेल्या. गडचिरोलीतल्या माझ्या मसाल्याच्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या दगडफूल घ्यायला. घेतलं, पर्समधून भिंग काढलं आणि काउंटरवरच बघत उभ्या राहिल्या. मागे लाईन.

"मॅडम, माल एक नंबर आहे."

"माल नाही हो, संसार आहे हा. बुरशी आणि शेवाळ, दोघांनी मिळून थाटलेला."

आठवडी बाजारात सायकलवर पुड्या विकत विकत मी दुकानापर्यंत आलो. इतकं दगडफूल तोललं, पण त्यात कोणाचा संसार आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मॅडम, मी आणि माझी बोलेरो.

धानोरा. भामरागड, तेही पूर ओसरून रस्ता उघडला की लगेच. आपल्या जंगलात झाडाच्या सालीवर, दगडावर काय काय उगवतं आणि त्यातल्या कशाकशाची नोंदच नाही, हे शोधायचं त्यांना वेड.

एका गावात एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय जी, झाडाची खरूज काढून राह्यले का?"

मॅडम म्हणाल्या, "हो ना बाई! आणि त्या खरजेवर आणखी खरूज आलेली असली तर ती आधी दाखवा."

चेष्टा नव्हती. दगडफुलाच्या अंगावर राहणारी दुसरीच एक बुरशी असते. संसारात घुसलेला पोटभाडेकरू म्हणा. मॅडमना हवा होता तो हा.

आता माझे कान तेज आहेत. मॅडम भिंगातून बघताना सारख्या पुटपुटायच्या. "हे नेहमीचं… हे पण नेहमीचं… अरे, तू इथे कुठे?"

आणि काही खास दिसलं की एकदम चूप.

ती चूप ऐकली की मी गाडीत बसल्या बसल्या ओळखायचो.

धानोऱ्याच्या रस्त्यावर एका मोहाच्या झाडापाशी मॅडम अशाच चूप झाल्या. राखी दगडफूल, त्यावर राईपेक्षाही बारीक काळे ठिपके.

"रफिकभाऊ, ही बुरशी आपल्या जिल्ह्यातच काय, महाराष्ट्रातही कोणी नोंदवलेली नाही!"

आवाज थरथरत होता.

सालीसकट काढून कागदाच्या पुड्यांत बांधलं, पण ओलं होतं. वाळवायला माझ्या दुकानाच्या माळ्यावर पेपर अंथरून पसरलं. मॅडम चंद्रपूरला गेल्या आणि तापाने पडल्या.

इकडे माझी अम्मी माळ्यावर चढली. अम्मीने आयुष्यभर दुकानाचं दगडफूल निवडलंय. तिला वाटलं, नवीन माल आला.

मॅडम परत आल्या तर अम्मी सूप घेऊन समोर.

"बाई, तुमचा माल लय खराब होता. साल काढली, काळे डागवाले सारे फेकले. आता पाहा कसा चकाचक!"

मॅडम चूप.

ती चूप मला कधीच ऐकायची नव्हती.

"कुठे टाकले, अम्मी?"

"घंटागाडीत. काऊन, पाहिजे होते का?"

मॅडम हसल्या. अम्मीच्या हातचा चहा प्यायल्या. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाल्या, "वस्तू हातात नाही, तर नोंद नाही. माझ्या शब्दाला कोण मानणार?"

पुन्हा त्या झाडाशी गेलो. तिथे होता तेवढा तुकडा आम्हीच आणला होता. दुसरीकडे फिरलो, काही नाही. त्यात मॅडमचं हार्ट. डॉक्टर म्हणाले, जंगल बंद.

मॅडम म्हणाल्या, "शेवटचं एकदा. आणि या वेळी अम्मींना घ्या. मी चांगलं शोधते, रफिकभाऊ. त्या खराब शोधतात."

अम्मी पानाचा डबा घेऊन पुढच्या सीटवर.

धानोऱ्याच्याच रस्त्यावर मोहाच्या झाडांत शिरली आणि भाजी बाजारात फिरावी तशी नाक मुरडत चालली. "हे चांगलं. हे बी चांगलं. हे… छी! सडेल हाय!"

मॅडमनी भिंग लावलं. "हे तर नेह—"

आणि चूप.

मी गाडीतून उतरलो.

मॅडम वळल्या, अम्मीला गच्च मिठी मारली. "अम्मी, असं सडकं आणखी आहे का हो?"

"ढिगानं हाय बाई! या झाडाले तर रोगच लागला!"

मी बोनेटला टेकून हसत सुटलो. हसता हसता डोळे पुसले.

नमुने लखनऊला तज्ज्ञांकडे गेले. उत्तर यायच्या आधी मॅडम गेल्या. हॉस्पिटलमधून शेवटचा फोन केला तेव्हाही तब्येतीचं काही नाही. "लखनऊचं काही कळलं का?"

गेल्या आठवड्यात मॅडमच्या मुलीचा फोन आला. तीच बुरशी आहे. महाराष्ट्रातली पहिली नोंद, आपल्या धानोऱ्याची!

अम्मीने काय फेकलं होतं ते आजपर्यंत पोटात ठेवलं. आज सकाळी पहिला पेढा अम्मीला दिला, सगळं सांगितलं.

अम्मीने पेढा तसाच खाली ठेवला.

"म्हणजे मी फेकलं ते एवढं मोठं होतं? मंग बाईनं मले काईच काऊन नाई म्हटलं?"

आता लिहून राह्यलो तेव्हा अम्मी समोर नवीन पोतं निवडत बसली आहे. डागवाले तुकडे बाजूला काढते, कागदाच्या पुडीत ठेवते. प्लास्टिक नाही. मॅडमनी सांगितलं होतं, प्लास्टिकमध्ये कुजतं.

मॅडम, तुमचा खराब माल आता आमच्या घरातून कुठी जात नाही.

अम्मीचा आणि माझा सलाम.