टेबलावर फिरला

त्या माणसाची आठवण आली की अजूनही माझं डोकं फिरतं. रत्नागिरीत तो गाड्यांचे स्टार्टर दुरुस्त करायचा. माझ्या मासळीच्या टेम्पोचा स्टार्टर त्यानं खोलला, साफ केला, जोडला आणि वर चंदेरी रंगाचा हात मारला. रंग वाळल्यावर टेबलाच्या पकडीत आवळून बॅटरीच्या दोन जाड वायरी थेट त्याला लावल्या. ठिणगी उडाली, स्टार्टर गरगरला. भजन ऐकावं तसा तो डोळे मिटून मान डोलवत राहिला.

"माझ्या टेबलावर फिरला म्हणजे फिरला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पूर्णगडला उभ्या असलेल्या टेम्पोत स्टार्टर बसवला, मासळी भरली, चावी फिरवली, तर नुसतं टिक टिक. मागे बर्फ वितळत होता. शिव्या घालत गाडीखाली शिरलो, स्टार्टर खोलला. जिथे तो इंजिनाला टेकतो, नेमका तिथेही या शहाण्यानं रंग फासलेला! टेबलावर दुसरी वायर होती, गाडीत तिचं काम इंजिनाचं लोखंडच करतं; लोखंडाला लोखंड भिडलंच नाही तर अर्थिंग मिळणार कुठून? स्क्रूड्रायव्हरनं रंग खरवडला, स्टार्टर बसवला, गाडी लगेच चालू झाली.

मासळी उतरवली आणि तडक त्याच्या दारात जाऊन ओरडलो, "अहो, तुमच्या रंगापायी याला अर्थच लागत नव्हता!"

तो गाडीखाली वाकला. स्टार्टरच्या कडेला उमटलेल्या ओरखड्यांवरून त्यानं हळूच बोट फिरवलं.

"अर्थाचं राहू दे वो," तो कळवळून म्हणाला, "पण चरे केवढे पाडलेत!"

आणि ब्रश आणायला आत गेला.