डाव मोजायचे दाणे

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आमच्या चिंताकी गावात पारावर आम्ही म्हातारे रोज दुपारी फासे खेळायचो. डाव मोजायचं काम माझं. लिहायला माझा हात जड, म्हणून जिंकणाऱ्या गटाच्या मातीतल्या खळग्यात मी ज्वारीचा एक दाणा टाकायचो. एके दिवशी सगळे चहा पिऊन आलो, तर आमच्या गटाचे दाणे कमी दिसले.

समोरच्या गटातले रिटायर मास्तर म्हणाले, "अप्पा, तुमची नजर कमी व्हायलीय. उद्यापासून मी मोबाईलवर मांडतो."

"नजर न्हाई, दाणे कमी झालेत. चहाला तुमी कामून आला न्हाईत?"

"शुगर हाय मला."

सगळे हसले. मोजणी हातची गेली, तर पारावर मला कोण विचारणार?

उठताना पाहिलं, मुंग्या आमचे दाणे ओढत नेत होत्या. मी कुणाला सांगितलं नाही. पण मुंग्या आमच्याच खळग्यात कशा? मास्तरांनी तिथं गूळ टाकला नसेल कशावरून?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दोन्ही खळग्यांभोवती हळद टाकली, दाण्यांऐवजी खिशात चिंचोके भरले आणि दुपारपर्यंत तिथंच राखणीला बसलो.